परदेशी बिऱ्हाड हलवताना: गोव्यातून निघणाऱ्या घरसामानावरची ड्युटी आणि ती माफ करून घेण्याची रीत

परदेशी राहायला जाताना घरचं सामान सोबत नेलं, तर तिथले कस्टम्सवाले किंमत नंतर विचारतात. आधी त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात. ही वस्तू तुमच्याकडे कधीपासून आहे? तुम्ही ती वापरली आहे का? आणि आधीचं राहतं घर सोडून तुम्ही खरोखरच इथे राहायला आला आहात का? या तिन्हींची उत्तरं कागदावर दाखवता आली, की बहुतेक देश घरगुती सामानावर ड्युटीही घेत नाहीत आणि व्हॅटही. दाखवता आली नाहीत, तर वापरलेल्या चादरींवरही कर लागू शकतो.

आपल्याकडे मात्र व्हिसा हातात पडला की खरेदी सुरू होते. म्हापशाच्या बाजारातून नवा मिक्सर, मडगावातून कुकरांचा संच, फोंड्यातून पितळेची नवी समई, मुलांना दोन वर्षं पुरतील एवढे कोरे कपडे. तिकडे महाग मिळतं म्हणून सगळं खोक्यासकट, बिलासकट बांधलं जातं. यातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर कर लागू शकतो, कारण ती वापरलेली नाही. म्हणजे नियमाच्या नेमकं उलट काम होतं. म्हणून या लेखातली पहिली पायरी तिकिटाच्याही आधीची आहे.

आधी हे ठरवा: तुमचं राहतं घर कुठलं?

पोर्तुगीज राष्ट्रीयत्व घेतलेल्यांचा एक समज पक्का असतो. पासपोर्ट युरोपचा, म्हणजे सामानही युरोपचं. तसं नाही. कस्टम्सची सवलत नागरिकत्वावर ठरत नाही, राहत्या घरावर ठरते. पोर्तुगीज पासपोर्ट असलेला डिचोलीचा माणूस लिस्बनला पहिल्यांदा राहायला जातो, तेव्हा कस्टम्सच्या लेखी तो गोव्याहून येणारा रहिवासी असतो. भारतीय पासपोर्टवर नोकरीच्या व्हिसाने जाणाऱ्या त्याच्या शेजाऱ्यालाही तोच नियम लागतो.

पुरावा लागतो तो गोव्यात सलग राहिल्याचा. विजेची बिलं, घरपट्टीच्या पावत्या, पंचायतीचा किंवा पालिकेचा रहिवासी दाखला, नोकरी सोडल्याचं पत्र, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले. मागच्या बारा महिन्यांचे कागद एका फाईलमध्ये लावून ठेवा. घर सासऱ्यांच्या नावावर आणि वीजबिल आजोबांच्या नावावर, असं आपल्याकडे घरोघरी असतं. तेव्हा तुमचं स्वतःचं नाव आणि गोव्याचा पत्ता एकत्र असलेले निदान दोन कागद, बँकेचं स्टेटमेंट धरून, वेगळे काढा.

नावाचं प्रकरणही इथेच मिटवा. पोर्तुगीज नोंदीत आडनाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या आणि शाळेच्या दाखल्यावर तिसऱ्या, हे गोव्यात नवं नाही. सामानाची यादी, वाहतुकीचा कागद आणि सवलतीचा अर्ज, तिन्हींवर प्रवासाच्या पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं आलं पाहिजे. आधीच्या नावाचे पुरावे जोडणार असाल, तर ती दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत लावा.

जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी आणि आखातात राहून घरच्यांना गोव्यात ठेवणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. तुमचं राहतं घर नेमकं कुठलं, हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. कुवेतमधल्या खोलीतलं सामान आणि फोंड्याच्या घरातलं सामान एकाच यादीत घालू नका. याद्या वेगळ्या, पुरावेही वेगळे.

कुठला देश काय मागतो

पोर्तुगाल, आयर्लंड, जर्मनी, फ्रान्स असा युरोपीय संघातला कुठलाही देश असो, मूळ नियम एकच आहे. २००९ चा ११८६ क्रमांकाचा नियम. त्यातल्या अटी अशा: तुम्ही संघाबाहेर सलग किमान बारा महिने राहिलेले असावेत. वस्तू तुमच्या ताब्यात आणि जुन्या घरी वापरात किमान सहा महिने असाव्यात. नव्या देशात घर केल्यापासून बारा महिन्यांच्या आत त्या कस्टम्समधून सोडवून घ्याव्यात. आणि सोडवल्यावर पुढचे बारा महिने त्या विकू, भाड्याने देऊ, गहाण टाकू किंवा कुणाला उसन्या देऊ नयेत. दारू, तंबाखू आणि धंद्याची वाहनं सवलतीत येत नाहीत. धंद्याची अवजारंही येत नाहीत, पण कलेची किंवा व्यवसायाची हातात नेता येण्याजोगी साधनं येतात. तबलजीचा तबला जातो, सुताराचं मोठं यंत्र जात नाही.

पोर्तुगालसाठी एक जादा कागद लागतो, त्याला तिथे 'सर्तिफिकादु द बागाजें' म्हणतात. हा सामानाचा दाखला पोर्तुगालचा वकिलात विभाग देतो आणि त्यासाठी तुम्हाला पणजीबाहेर जावं लागत नाही, पोर्तुगालची वकिलात आल्तिनोवरच आहे. सामानाची यादी पोर्तुगीजमध्ये करून, राहत्या घराचे पुरावे जोडून हा दाखला निघण्यापूर्वी घ्या. लिस्बनला पोचल्यावर पणजीहून कागद मागवणं म्हणजे तुमचं सामान तोवर गोदामात आणि गोदामाचं भाडं तुमच्या खिशातून. पोर्तुगालचा कर क्रमांक, ज्याला सगळे 'नीफ' म्हणतात, तोही कस्टम्सच्या कामात लागतो.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन कस्टम्सच्या दृष्टीने युरोपीय संघाच्या बाहेर आहे. म्हणजे इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात राहणारा गोंयकार आज लिस्बनला बिऱ्हाड हलवतो, तेव्हाही त्याला सवलतीचा अर्ज करावा लागतो आणि लिस्बनहून स्विंडनला येणाऱ्यालाही. पूर्वी व्हॅनमध्ये सामान टाकून जायचं, ते दिवस संपले.

ब्रिटनची सवलत 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' या नावाने ओळखली जाते. अर्ज टीओआर१, तो ऑनलाइन भरायचा. अटी युरोपसारख्याच: बारा महिने ब्रिटनबाहेर वास्तव्य, सहा महिने ताबा आणि वापर, बारा महिन्यांच्या आत आयात, नंतर बारा महिने विक्री नाही. पासपोर्टचं फोटो असलेलं पान, जुन्या आणि नव्या पत्त्याचे पुरावे आणि सामानाची यादी जोडायची. मंजुरी मिळाली की एक क्रमांक येतो. तो क्रमांक सामान नेणाऱ्या कंपनीला दिल्याशिवाय खोकं जहाजावर चढू देऊ नका. सामान पोचलं आणि क्रमांक नाही, अशी वेळ आली तर बंदरातलं भाडं रोज वाढत राहतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. कॅनडात पहिल्यांदा उतरताना दोन याद्या द्याव्या लागतात, एक सोबतच्या सामानाची आणि दुसरी मागून येणाऱ्या सामानाची. अर्जाचा क्रमांक बीएसएफ१८६. मागून येणारं सामान पहिल्याच दिवशी जाहीर केलं नाही, तर नंतर ते सवलतीत बसवणं फार अवघड जातं, म्हणून बॅगेत फक्त दोन जोड कपडे असले तरी दुसरी यादी द्याच. एकाच वस्तूची किंमत १०,००० कॅनडियन डॉलरपेक्षा जास्त असेल, तर वरच्या रकमेवर कर लागतो. ऑस्ट्रेलियात वस्तू बारा महिने ताब्यात आणि वापरात असायला हवी, अर्ज बी५३४. तिथल्या जैवसुरक्षा खात्याची तपासणी कडक असते, बुटांच्या तळाला चिकटलेली मातीही चालत नाही. अमेरिकेत घरगुती वस्तू एक वर्ष वापरलेल्या असाव्यात, अर्ज ३२९९. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत पहिल्यांदा राहायला येणाऱ्याचं वापरलेलं घरसामान करातून सुटतं.

तीन खास सवलती गोव्यातल्या घरांना उपयोगी पडणाऱ्या आहेत आणि फारशा कुणाला माहीत नसतात.

पहिली लग्नाची. फोंड्याची मुलगी लग्न करून लिस्बनला राहायला जात असेल, तर युरोपीय संघात लग्नाचा साज आणि संसाराचं सामान नवं असलं तरी सवलतीत येतं. मात्र ती आधी बारा महिने संघाबाहेर राहिलेली हवी आणि सामान लग्नाच्या आधी दोन महिने ते लग्नानंतर चार महिने या मुदतीत सुटायला हवं. लग्नात आलेल्या आहेरांनाही सवलत आहे, प्रत्येक आहेराची किंमत १,००० युरोच्या आत असेल तर. विवाहनोंदणीचा दाखला त्यासाठी लागतो.

दुसरी वारशाची. संघात राहणाऱ्या माणसाला गोव्यातल्या नातेवाइकाकडून वारशाने आलेल्या वस्तू दोन वर्षांच्या आत नेता येतात. ही मुदत वाटणी कायद्याने पक्की झाल्यापासून मोजतात. तिसरी, संघात शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची. कपडे, अंथरूण-पांघरूण, अभ्यासाचं साहित्य आणि खोलीतलं नेहमीचं सामान यांना सहा महिन्यांच्या वापराची अट लागत नाही.

खरेदी: निघण्याच्या सहा महिने आधी, नाहीतर तिकडेच

आता मूळ मुद्द्यावर येतो. जून महिन्यात युरोपला निघायचं असेल, तर जे न्यायचं ते डिसेंबरच्या आत घरात आलेलं आणि चुलीवर चढलेलं असावं. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया असेल तर आधीच्या वर्षीच्या जूनमध्ये. खरेदीचं बिल तारखेचा पुरावा म्हणून ठेवा, पण वस्तू खोक्यातून काढा, वापरा, आणि कंपनीचं खोकं टाकून द्या. सील न फोडलेला मिक्सर हा कस्टम्सच्या नजरेत नवा माल, त्याचं बिल कितीही जुनं असो.

सवलत न मिळाल्यास काय होतं, ते आकड्यांत पाहा. समजा तुम्ही ५०० युरोचे नवे सुती कपडे पोर्तुगालला पाठवले आणि त्यांच्या वाट्याला वाहतुकीचे २०० युरो आले. कस्टम्स किंमत धरतं ती वाहतुकीसकट, म्हणजे ७०० युरो. तयार कपड्यांवर संघाची ड्युटी साधारण १२ टक्के, ते झाले ८४ युरो. आता ७८४ युरोंवर पोर्तुगालचा २३ टक्के व्हॅट, म्हणजे १८० युरो. पाचशेच्या कपड्यांवर २६४ युरो कर, वाहतूक वेगळी. त्या पैशांत लिस्बनमध्ये थंडीला खरोखर उपयोगी पडणारे कपडे आले असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गोव्यातून न्यावं ते तिकडे मिळत नाही ते, किंवा वर्षानुवर्षं हाताला सवय झालेली वस्तू. नारळ खवणायची आदोळी, चिरेबंदी घरातल्या स्वयंपाकघराचे तांब्या-पितळेचे टोप, पोळपाट, आजीची गोधडी, पेटी-तबला, पुस्तकं. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन इथेच विकून टाका. त्यांनी जहाजात अडवलेल्या जागेचं भाडंच त्यांच्या किमतीच्या जवळ जातं.

यादी: अख्खं काम या एका कागदावर

सवलत मिळते ती यादीवर. खोकं उघडून पाहणारा अधिकारी यादी हातात धरून पाहतो, आणि यादीत जे आहे तेच खोक्यात असलं की तो पुढच्या खोक्याकडे वळतो. 'किचन आयटम्स, एक खोकं' असं लिहिलं की त्याला सगळं बाहेर काढावं लागतं.

यादी इंग्रजीत, पोर्तुगालसाठी पोर्तुगीजमध्येही. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आणि खोक्यागणिक ओळी. एका ओळीत वस्तू, ती कशाची आहे, किती नग, कधीपासून वापरात, आणि आजची किंमत. एका स्वयंपाकघराच्या खोक्याची नोंद मी अशी करून देतो:

खोकं ४, स्वयंपाकघर, सर्व वापरलेलं.
स्टीलचे टोप, झाकणांसह, ५ नग, २०१८ पासून, १,५०० रुपये.
पितळेचा तांब्या, १ नग, २०१२ पासून, ६०० रुपये.
मिक्सर, तीन भांड्यांसह, १ नग, २०२१ पासून, १,८०० रुपये.
लोखंडी विळी, नारळ खवणायची, १ नग, २०१५ पासून, ३०० रुपये.
लाकडी पोळपाट-लाटणं, १ जोड, २०१६ पासून, १५० रुपये.

किंमत लिहायची ती आजची, जुन्या अवस्थेतली. दुकानातली नव्हे. पण शून्य लिहू नका आणि सगळ्यांपुढे शंभर-शंभरही लिहू नका. विमाही याच यादीवर उतरतो. मिक्सर फुटला तर भरपाई मिळेल ती तुम्ही लिहिलेल्या १,८०० रुपयांच्याच हिशोबाने.

मोबाईलवर प्रत्येक खोक्याचे दोन फोटो घ्या, भरण्याआधी सगळं जमिनीवर मांडलेलं आणि भरल्यावर उघडं खोकं. विजेच्या वस्तूंचे मागचे क्रमांक यादीत घाला. लोखंडी विळीसारखी धारदार वस्तू तळाशी, कापडात गुंडाळून ठेवा आणि यादीत तिचं वर्णन स्पष्ट करा, म्हणजे एक्सरेत पाहून कुणी चमकणार नाही.

यादीत भेटवस्तू मिसळू नका. 'लंडनच्या मावशीसाठी दोन साड्या' तुमच्या घरसामानात बसत नाहीत, कारण त्या तुमच्या वापरातल्या नाहीत. त्या वेगळ्या न्या आणि भेट म्हणून जाहीर करा. दुसऱ्याचं सामान आपल्या खोक्यात घेणं तर मुळीच नको. सही तुमची, म्हणजे आत जे सापडेल ते तुमचंच.

गोव्यातल्या घरातून बाहेर जाता न येणाऱ्या वस्तू

जुन्या घरांमुळे हा भाग आपल्याकडे इतरांपेक्षा मोठा आहे. आणि इथे अडवणूक परदेशात होत नाही, भारतातच होते.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कोरीवकाम, नाणं किंवा कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू. ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं असतील, तर मुदत पंचाहत्तर वर्षांची. अशा वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. वस्तू तुमच्या मालकीची आहे, पणजोबांपासून देव्हाऱ्यात आहे, हे सांगून काही होत नाही. मोडीतली पोथी, लाकडी देव्हाऱ्यावरचं जुनं कोरीवकाम, पितळी मूर्ती, चर्चमधल्या संतांच्या जुन्या लाकडी मूर्ती, सगळं यात येऊ शकतं.

वस्तू जुनी दिसते पण शंभर वर्षांची नाही, अशी खात्री असेल तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. त्यांचं गोवा मंडळ जुन्या गोव्यात आहे, चौकशीची सुरुवात तिथून करा. फोटो चारही बाजूंनी काढून, मापं आणि वजन लिहून न्या. हे काम निघण्याच्या आठवड्यात होत नाही.

मग शिसव. इंडो-पोर्तुगीज धर्तीच्या खुर्च्या, वेताची बैठक विणलेलं कानापे, म्हणजे लांब बाक, कोरीव पलंग यांवर गोव्याचा जीव असतो. शिसवीची सारी जात, म्हणजे डालबर्जिया, २ जानेवारी २०१७ पासून 'साइट्स' या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. लहान वस्तूंना सूट आहे, पण पलंगासारख्या जड फर्निचरला कागद लागतात, भारतातून निघतानाही आणि युरोपात शिरतानाही. त्यात तो पलंग शंभर वर्षांचा निघाला तर विषयच संपला. माझा सल्ला, असं फर्निचर घरात राहू द्या, भावाकडे राहू द्या.

हस्तिदंताची लहानशी मूर्तीही नेऊ नका. मोराची पिसं देव्हाऱ्यात ठेवायची आपल्याकडे रीत आहे, पण त्यांची निर्यात बंद आहे, तेव्हा देवाचं सामान बांधताना ती आठवणीने बाजूला काढा. कासवाची पाठ, पोवळ्याचे तुकडे, समुद्रावर वेचलेले मोठे शंखही राहू द्या.

खाण्यापिण्याचं

घरसामानाच्या खोक्यात खाद्यपदार्थ घालू नका. एका बरणीमुळे अख्खं खोकं अडकतं. न्यायचं असेल ते स्वतःच्या बॅगेतून.

युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. तुपाचा डबा, खवा, पेढे, चोरिस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज, सगळं विमानतळावर काढून घेतलं जातं. मासळीला मात्र वेगळा नियम आहे: स्वतःच्या खाण्यासाठी वीस किलोपर्यंत चालते. त्यामुळे पुरुमेंताचं सुकं, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले सुके बांगडे आणि सुंगटं (कोळंबी), नीट बंद पिशवीत भरलेली, युरोपला नेता येतात. विमान कंपनीला वास सहन होईल एवढं घट्ट बांधा.

ताजी फळं, भाज्या, रोपं आणि बियाणं यांना वनस्पती-आरोग्याचा सरकारी दाखला लागतो. संघाने नारळ, केळी, अननस, खजूर आणि डुरियन अशा पाच फळांना त्यातून सूट दिली आहे. मानकुराद आंब्याला ती नाही. अबोलीचं रोप, भाजीचं बी दाखल्याशिवाय नेऊ नये.

फेणी घरसामानाच्या सवलतीत कधीच येत नाही. हातातून नेता येते: संघात प्रौढ प्रवाशाला २२ टक्क्यांहून कडक दारू एक लिटर, ब्रिटनमध्ये चार लिटर. बाटली दुकानातली सीलबंद हवी, घरच्या भट्टीची नको. विमानाच्या बॅगेत अशा दारूची कमाल मर्यादा माणशी पाच लिटर.

आखातात जाणाऱ्यांनो, हे वाक्य दोनदा वाचा. खसखस नेऊ नका. आपल्या शागुतीच्या वाटणात ती लागते, मसाल्याच्या डब्यात ती असतेच, पण यूएई, सौदी, कतार इथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते आणि प्रकरण तुरुंगापर्यंत जातं. तयार मसाल्याच्या पुडीवरचा मजकूर वाचा. घरी दळलेला मसाला असेल तर त्यात खसखस पडली होती का, हे दळणाऱ्यालाच विचारा. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधंही तिथे पूर्वपरवानगीशिवाय चालत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी मूळ हवी, औषध मूळ वेष्टणात हवं.

दागिने

दागिने कधीही खोक्यातून पाठवू नका, अंगावर किंवा हातातल्या बॅगेत न्या. मंगळसूत्र, पाटल्या, मुलांच्या साखळ्या यांची वेगळी यादी करा, वजन आणि फोटो लावून, सरकारमान्य मूल्यांककाकडून मूल्यांकनपत्र घ्या.

कधीतरी परत येणार असाल, किंवा दर वर्षी गणपतीला घरी येणार असाल, तर निघताना मोपा किंवा दाबोळी विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्या. बॅगा देण्याआधी तिथे जायचं, दागिने दाखवायचे, मूल्यांकनपत्र द्यायचं. परत येताना तेच दागिने घातलेले असले, की हे परदेशातून विकत आणलेलं सोनं आहे असा संशय उरत नाही. भारी कॅमेरा, महागडं घड्याळ यांच्यासाठीही हे चालतं. वेळ लागतो, म्हणून विमानतळावर नेहमीपेक्षा एक-दीड तास आधी पोचा.

दलाल, पेट्या आणि लपलेले खर्च

मुरगाव बंदर आपल्या दारात असलं, तरी घरगुती सामानाची खोकी गोव्यातून बहुधा ट्रकने न्हावा शेवाला जातात आणि तिथून जहाजावर चढतात. सामान पाठवण्यासाठी परवाना असलेला कस्टम्स दलाल लागतो. त्याला पासपोर्टची प्रत, व्हिसा, तिकीट, सामानाची यादी आणि तुमच्या वतीने काम करण्याचं अधिकारपत्र द्यायचं. कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. त्याने भरलेल्या अर्जात तुमच्या खोक्यांची संख्या, नाव आणि किंमत यादीशी जुळते का, ते भरण्याआधी वाचून घ्या.

समुद्रमार्गे भाडं जागेवर आकारतात, घनमीटरच्या हिशोबात. वीस फुटी कंटेनर साधारण ३३ घनमीटरचा, चार-पाच माणसांच्या बिऱ्हाडाला तो सहसा मोठाच पडतो. दुसऱ्यांच्या मालाबरोबर वाटून जागा घ्या. हवाई मार्गे मोजमाप वेगळं: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून सहा हजाराने भागतात, आणि आलेला आकडा खऱ्या वजनाहून जास्त असेल तर तोच धरतात. ६० बाय ५० बाय ४० चं खोकं बारा किलोचं असलं तरी वीस किलोचं भाडं लागतं. गोधड्या, उशा विमानाने पाठवायच्या नाहीत, त्या याचसाठी.

लाकडी पेटी करून घेणार असाल तर लाकूड उष्णतेची प्रक्रिया केलेलं हवं. आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, तीस मिनिटं. त्यावर कणसाच्या आकृतीचा शिक्का मारलेला असतो. कोपऱ्यावरच्या सुताराकडून फणसाच्या फळ्यांची पेटी करून घेतली तर युरोप-ऑस्ट्रेलियात ती परत पाठवतात किंवा जाळतात, खर्च तुमच्यावर. जाड पुठ्ठ्याची खोकी बरी.

आता खर्चाचं. सामान करमुक्त सुटलं म्हणजे फुकट सुटलं असं नाही. पलीकडच्या बंदरातली हाताळणी, गोदाम, तिथल्या दलालाची फी, घरापर्यंतचा ट्रक हे सगळं वेगळं लागतं आणि गोव्यातल्या दराच्या कागदावर बहुतेकदा नसतं. पावसाळ्यात मला फोन येतात ते याच कारणाने: इथे भाडं कमी सांगितलं, तिथे पोचल्यावर दुप्पट मागितलं. त्यामुळे दर मागताना लेखी विचारा, 'घरापासून घरापर्यंत, पलीकडच्या बंदरातल्या सर्व खर्चांसह किती?' आणि 'गोदामात किती दिवस मोफत?' उत्तर लेखी येत नसेल तर दुसरा माणूस बघा. विमा घेताना खोकी तुम्ही स्वतः बांधणार की कंपनी, तेही सांगा; स्वतः बांधलेल्या खोक्यातल्या फुटतुटीला अनेक विमे भरपाई देत नाहीत.

तिथे पोचल्यावर

सामान पोचण्याआधी तुम्ही पोचलेले असणं सोयीचं. घरभाड्याचा करार, कामाचं पत्र, पत्त्याची नोंद हे नव्या वास्तव्याचे पुरावे पहिल्या आठवड्यांत जमवा. अधिकाऱ्याने एखाद्या वस्तूवर बोट ठेवलं, तर वाद घालू नका. त्या वस्तूचं बिल, फोटो आणि यादीतली ओळ दाखवा. तरीही ती सवलतीत बसत नाही असं त्याचं मत पडलं, तर फक्त त्या वस्तूचा कर भरून बाकीचं सामान सोडवून घ्या आणि निर्णय लेखी मागा, कारण अपील लेखी निर्णयावरच होतं. एका मिक्सरसाठी बारा खोकी गोदामात ठेवणं परवडत नाही.

सुटकेचे कागद, यादी आणि मंजुरीचा क्रमांक निदान बारा महिने जपून ठेवा. या काळात त्यातलं काही विकायचं किंवा कुणाला द्यायचं झालंच, तर आधी कस्टम्सला कळवा आणि त्या वस्तूवरचा कर भरा. शेजारच्या नव्या गोंयकार कुटुंबाला तुमचा जुना मिक्सर द्यायचा असेल, तर तेरावा महिना लागेपर्यंत थांबायला सांगा.